उलटीचे औषध आणि वाकडी मान

उन्हाळ्यातली लग्नसराई आणि पावसाळ्याचे पहिले दोन महिने, या दिवसांत आमच्या खुलताबाद तालुक्यातील दवाखान्यांत उलट्या-जुलाबाची मुले वाढतात. आईवडिलांची पहिली मागणी ठरलेली असते, "डॉक्टरसाहेब, आधी उलटी थांबवा." मागणी रास्त आहे. पोटात काही टिकत नाही हे पाहून कोणत्याही आईचा जीव खालीवर होणारच. परंतु उलटी थांबविणाऱ्या औषधांपैकी काही औषधे मेंदूतील एका रसायनाचे काम अडवून उलटी थांबवितात आणि त्याच रसायनावर आपल्या मानेची, डोळ्यांची, जिभेची आणि हातापायांची हालचाल अवलंबून असते. मोठ्या माणसाला सहसा त्याचा त्रास जाणवत नाही. लहान मुलाला मात्र कधी कधी चांगलाच होतो आणि तो औषधाचा आहे हे घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आजचा लेख त्याविषयी आहे.

डोपामिन म्हणजे काय?

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या मार्फत. डोपामिन हे असेच एक निरोप्या रसायन आहे. एका पेशीतून ते सुटते आणि शेजारच्या पेशीवरील ठरावीक जागी जाऊन बसते. या जागेला आपण कुलूप म्हणू आणि डोपामिनला किल्ली. किल्ली बसली की कुलूप उघडते व निरोप पुढे जातो. काही औषधे याच कुलपात जाऊन बसतात, पण कुलूप उघडत नाहीत. खरी किल्ली आली तरी तिला जागाच मिळत नाही. अशा औषधांना डोपामिन अडविणारी औषधे म्हणतात.

मेंदूच्या खोल भागात राखाडी पेशींच्या काही गाठी आहेत. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा याचा मेळ तेथे बसतो. या कामाला जणू एक बैलजोडी जुंपलेली आहे. एक बैल डोपामिनचा आणि दुसरा असेटिलकोलिन या रसायनाचा. दोघे सारख्या जोराने ओढतात तोवर गाडी सरळ चालते. औषधाने डोपामिनचा बैल अडवला की दुसरा एकटाच ओढू लागतो आणि गाडी चाकोरी सोडते. कोठे स्नायू आखडतात, कोठे मान एका बाजूला खेचली जाते.

सर्पगंधा, मुंबईचे डॉक्टर आणि स्वीडनचे ससे

हे सारे समजले कसे, याची हकिगत आपल्या मुंबईजवळून जाते. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना तिचे औषध दिले आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन रक्तदाब उतरवीत असे, मनाच्या आजारातही ते वापरले जाऊ लागले. पण काही रुग्णांची हालचाल मंदावे, हात थरथरत, चेहरा कोरा दिसे. अगदी कंपवाताच्या रोग्यासारखे. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ससे जागच्या जागी निपचित पडून राहिले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचले. शरीरात त्याचे डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे उठून हालचाल करू लागले. हे काम १९५७ चे. डोपामिन आणि शरीराची हालचाल यांचा संबंध त्यातून उलगडत गेला, कंपवातावरील औषधाचा मार्ग खुला झाला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. येथे एक भेद लक्षात ठेवावा. रेसर्पिन पेशीतील डोपामिनचा साठाच रिकामा करते, तर आज आपण ज्या औषधांविषयी बोलत आहोत ती साठ्याला हात न लावता कुलूप अडवितात. शरीरावर दिसणारा परिणाम मात्र एकाच जातीचा.

पिले आणि मोठे उंदीर

डोपामिन अडविणारे हॅलोपेरिडॉल हे औषध मोठ्या उंदराला देऊन त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले, तर तो तसाच कितीतरी वेळ ताटकळत राहतो. एरवी उंदीर क्षणात खाली उतरेल. हालचाल सुरू करण्याची कळच जणू बंद पडते. उंदरांत मान वाकडी होणे हा प्रकार सहसा दिसत नाही, तो माकडांत दिसतो आणि माणसांत दिसतो.

आता वयाचा भाग पाहू. उंदराचे पिलू जन्मते तेव्हा मेंदूच्या या भागातील डोपामिनची कुलपे थोडी असतात. पुढे ती वाढत जातात, पिलू वयात येण्याच्या सुमारास ती सर्वांत जास्त होतात आणि मग द्राक्षबागेची छाटणी करावी तशी जादाची कुलपे कमी होतात. माणसाच्या मेंदूतही या कुलपांचे प्रमाण बालपणी जास्त व पुढे वयानुसार कमी होत जाते असे आढळले आहे.

आणखी एक नवल. मोठ्या उंदराच्या मेंदूतील डोपामिनचे तंतू जवळजवळ सारे नष्ट केले तर तो हलत नाही, खात नाही आणि नळीने अन्न दिले नाही तर मरतो. तीच इजा जन्मानंतर थोड्या दिवसांत पिलाला केली तर पिलू दूध पिते, वाढते, हिंडते फिरते. वाढता मेंदू दुसरी वाट शोधतो. पण वाट शोधायला त्याला दिवस मिळालेले असतात. औषधाचा डोस तासाभरात मेंदूत पोचतो, तेथे अशी सवड नसते.

वाढत्या वयात काही आठवडे अशी औषधे दिली तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. रिस्पेरिडोन हे औषध वाढीच्या वयात घेतलेले उंदीर, औषध बंद झाल्यावरही, मोठेपणी इतरांपेक्षा अधिक चुळबुळे राहिले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा या प्रयोगावरून आपल्या मुलांविषयी थेट निष्कर्ष काढू नये. मात्र एवढे नक्की की डोपामिनला हात लावल्यावर काय घडेल ते वयावर अवलंबून असते. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे.

हे औषध मुलांना का बाधते?

आपल्याकडे उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड हे औषध १९६४ पासून वैद्यकाला माहीत आहे. मेंदूच्या तळाशी उलटीची सूचना देणारे एक केंद्र आहे. तेथील डोपामिनची कुलपे अडवून ते उलटी थांबविते. हे केंद्र मेंदूच्या संरक्षक पडद्याच्या बाहेर आहे. औषध तेवढ्यावरच थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण ते पडदा ओलांडून आत जाते आणि हालचालीच्या गाठींपर्यंत पोचते. लहान मुलांत तेथे कुलपे अधिक. त्यातून अगदी तान्ह्या बाळाच्या शरीरातून हे औषध बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. चक्कर व उलटीवर दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन याच जातीचे आहे. डॉमपेरिडोन पडद्याच्या आत फारसे जात नाही, म्हणून हालचालीचा त्रास त्याने क्वचित होतो. पण तान्ह्या बाळात होऊ शकतो, शिवाय त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

प्रौढांत नेहमीच्या मात्रेला साधारण ५०० जणांत एकाला असा झटका येतो असे मेटोक्लोप्रमाइडच्या माहितीपत्रकात नमूद आहे. मुलांत आणि तिशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण त्याहून जास्त असते. युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१३ साली सांगितले की एक वर्षाखालील बाळाला हे औषध देऊच नये, मोठ्या मुलांना दुसरा उपाय नसेल तरच द्यावे आणि पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये.

"औषध? काही नाही, साहेब"

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शनिवारी भद्रा मारुतीच्या यात्रेने गाव भरलेले असताना एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलीची मान डावीकडे पिळल्यासारखी वळलेली, डोळे वर छताकडे लागलेले, जीभ बाहेर येऊ पाहणारी. आजी म्हणाल्या, "रात्रीपासून पोरीची मान फिरायली, साहेब. मधी मधी बरी होती अन् पुन्हा धरती." शेजाऱ्यांनी धनुर्वात म्हटले होते, कोणी फिट म्हटले होते, कोणी बाहेरची बाधा. उतारा टाकून झाला होता. त्यानंतर तासभर मान सरळ झाली होती, म्हणून घरच्यांचा त्यावर विश्वास बसला होता.

मी मुलीला नाव विचारले. जड जिभेने का होईना, तिने बरोबर सांगितले. म्हणजे शुद्ध पूर्ण होती. ताप नव्हता, कोठे जखम नव्हती. आजींना विचारले, "कालपासून काय औषध दिलं?" त्या म्हणाल्या, "औषध? काही नाही, साहेब. उलटीचं पातळ औषध तेवढं." ही बाटली थोरल्या भावासाठी पूर्वी आणलेली, फळीवर राहिलेली. घरातल्या पोह्याच्या चमच्याने चार वेळा देऊन झाले होते आणि पाचवी वेळ रात्रीची ठरली होती.

बाटली मेटोक्लोप्रमाइडची निघाली. औषध बंद केले आणि प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले. हे इंजेक्शन असेटिलकोलिनच्या दुसऱ्या बैलाला आवरते, त्यामुळे जोडी पुन्हा सारखी होते. वीसेक मिनिटांत मान सरळ झाली, मुलीने पाणी मागितले. मूळ औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत झटका परत येऊ शकतो, म्हणून तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले. हा उतारा घरी करण्यासारखा नाही, हेही येथेच सांगतो. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. कोणते औषध, किती व कसे द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

उताऱ्यानंतर तासभर बरे का वाटले? हा त्रास मुळातच येतो आणि जातो. औषधाचा अंमल उतरला की मान सैल होते आणि पुढचा चमचा पोटात गेला की पुन्हा धरते. आमच्या गावात दर्गे आहेत, मारुतीराया आहे. कोणाच्या श्रद्धेला माझी आडकाठी नाही. फक्त आधी दवाखान्यात या आणि मग देवाच्या पाया पडा. कारण पडताळा आला असे वाटून तीच बाटली चालू राहते, हा यातला खरा धोका आहे. दुसरा धोका असा की औषधाची माहिती डॉक्टरपर्यंत पोचली नाही तर मुलाला फिटचा रोगी ठरविले जाते आणि नको त्या गोळ्या सुरू होतात.

ओळखावे कसे?

हा झटका बहुधा औषध सुरू केल्यापासून एक-दोन दिवसांत येतो, कधी पहिल्याच डोसनंतर. मान एका बाजूला किंवा मागे खेचली जाते, डोळे वर लागतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, पाठ कमानीसारखी वाकते. मूल घाबरलेले असते, पण शुद्धीवर असते आणि बोललेले त्याला कळते. फिटमध्ये बहुधा शुद्ध जाते, झटक्यानंतर मूल गुंगीत राहते. धनुर्वातात जबडा आखडलेलाच राहतो, आवाजाने वा स्पर्शाने झटके वाढतात. मेंदूज्वरात ताप व गुंगी असते. हा फरक घरच्यांना समजावा म्हणून सांगितला. निदान मात्र घरी करू नये. असे काहीही दिसले तर मुलाला लगेच जवळच्या दवाखान्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. आणि दोन दिवसांत जे जे औषध पोटात गेले, त्या सगळ्या बाटल्या व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

चमच्याचा हिशेब

मेटोक्लोप्रमाइडची मात्रा वजनावर ठरते. एका वेळी दर किलोला ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम आणि दिवसभरात दर किलोला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. बाजारातील नेहमीच्या पातळ औषधात एका मिलिलिटरला १ मिलिग्रॅम औषध असते. आता १० किलोच्या मुलाचा हिशेब करा. एका वेळी फार तर दीड मिलिलिटर. ५ मिलिलिटरचा लहान चमचा भरून दिला तर दिवसभराची मर्यादा एका घोटात संपली. वर सांगितलेल्या मुलीचे वजन २० किलो होते, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३ मिलिलिटर. त्यांचा पोह्याचा चमचा मोजला तर १० मिलिलिटरच्या आसपास भरला. थेंबांच्या बाटलीत औषध अधिक तीव्र असू शकते, तेथे घोटाळा आणखी मोठा. मात्रा बरोबर असूनही क्वचित झटका येतो, हे खरे. पण जास्त मात्रेने त्याची शक्यता वाढते आणि ती टाळणे आपल्या हातात आहे.

मग उलटी झाली तर काय करावे?

साध्या उलट्या-जुलाबात बहुतेक मुलांना उलटीचे औषध लागतच नाही. मूल दगावते ते अंगातील पाणी आटल्याने. म्हणून जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, हे पहिले औषध. पाकीट किती पाण्याचे आहे ते वाचावे. सरकारी दवाखान्यात मिळणारे मोठे पाकीट एक लिटरचे असते, दुकानातील लहान पाकिटे २०० मिलिलिटरची असतात. दर एक-दोन मिनिटांनी एक लहान चमचा द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे, आता आणखी सावकाश. ग्लास तोंडाला लावला की तहानलेले मूल गटागट पिते आणि सगळे बाहेर येते. मग आई म्हणते, पाणीसुद्धा टिकत नाही. चमच्याने दिलेले बहुधा टिकते. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलाला भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी चालते. जुलाब असतील तर १४ दिवस झिंक द्यावे. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

उलटी थांबतच नसेल तर डॉक्टर कधी ऑनडॅनसेट्रॉनचा एखादा डोस देतात. ते डोपामिनवर नव्हे, सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या कुलपावर काम करते, म्हणून मान वाकडी होण्याची भीती त्यात फारच कमी. तेही मनाने देऊ नये. हिरवी उलटी, उलटीत वा शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, यांपैकी काही असेल तर घरी थांबू नये.

आणखी दोन गोष्टी

पहिली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी. पित्ताच्या व गॅसच्या गोळ्यांत लेव्होसल्पिराइड हे डोपामिन अडविणारे औषध बऱ्याचदा मिसळलेले असते. अशी गोळी महिनोन् महिने घेणाऱ्या आजोबांचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, तर तो म्हातारपणाचा कंपवातच असे धरून चालू नये. गोळी डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी, मनाच्या आजारासाठी किंवा स्वमग्नतेतील तीव्र चिडचिडीसाठी ज्या मुलांना अशी औषधे तज्ज्ञांनी दिली आहेत, त्यांच्या पालकांनी हा लेख वाचून ती बंद करू नयेत. तेथे लाभ-हानीचा विचार करून औषध दिलेले असते आणि एकदम बंद केल्यानेही हालचालीचा त्रास होऊ शकतो. काही वेगळे दिसले तर तज्ज्ञांना लगेच कळवावे.

औषधाने असा त्रास झाल्यास त्याची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे. तो रुग्णांसाठीही आहे.

आणि आज हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी फळीवरच्या बाटल्या खाली काढा. ज्या मुलासाठी आणली ते बरे झाले असेल, तर त्या बाटलीचे काम संपले. एकाची उरलेली बाटली दुसऱ्याला देऊ नका. आणि डॉक्टरांनी "काय औषध दिलं?" असे विचारले, तर उलटीचे "पातळ औषध तेवढं" हेही औषधच आहे, ते सांगायला विसरू नका.